कानामागचा ठिपका

१२ सप्टेंबर २०१७, मंगळवार

पोहोचले एकदाची! आणि पोहोचल्या पोहोचल्या चहा, पोहे, वर परत चहा. नागपूरला क्लासमधल्या मुलींनी माझी किती थट्टा केली होती, की दीपमाला, यवतमाळात कोण खोट्या पापण्या लावून घेणार, तिथं तू शेवटी भुवयाच कोरत बसशील. त्यांना मधुवंतीताईंचं पार्लर दाखवायला हवं. आर्णी रोडपासून जरा आत, बंगल्याच्या खालच्या मजल्यावर, एसी, मोठे आरसे, भिंतींना मोतिया रंग. वरची खोली मला राहायला. खिडकीत कडुनिंब, एक टेबल आणि ही रोजनिशी ठेवायला कुलूप नसलेला खण. कोणी वाचली तर वाचो, माझ्या आयुष्यात लपवण्यासारखं अजून काही घडलेलंच नाही.

येताना एसटीत खिडकीशी बसले होते. कळंब सोडल्यावर दोन्ही बाजूंना कपाशी, माणसाच्या छातीला लागेल एवढी. तिच्यातून पाठीवर पंप घेतलेली माणसं चालत होती, नाकाला दुपट्टा बांधलेला, डोळे उघडे. वास गाडीत शिरला तसं कंडक्टरनं सगळ्यांना काचा लावायला सांगितल्या. शेजारची बाई म्हणाली, यंदा बोंडअळीनं लोकांचं डोकं फिरवलंय, जे सापडन ते औषध जे सापडन त्यात मिसळून मारून राह्यले. माझेही डोळे जरा चुरचुरले. पण आपला धंदाच चुरचुरीचा, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही.

ताई पन्नाशीच्या असतील. बोलणं गोड, साडीची एक निरी हलत नाही. त्यांचे यजमान अनंतराव कचेरीतून निवृत्त झालेत, व्हरांड्यात पेपर घेऊन बसतात. त्यांनी घरी कोण कोण असतं ते विचारलं. सांगितलं, आई नाही, बाबा नागोराव रेल्वेतून रिटायर होऊन गुडघे धरून बसलेत आणि धाकटी वैष्णवी कॉलेजला आहे. वैष्णवीचा विषय निघाला की माझं तोंड थांबत नाही. लहानपणी मला इंजेक्शन द्यायची वेळ आली की हीच बाही वर करून डॉक्टरपुढं उभी राहायची आणि ताईचं मला द्या म्हणून हटून बसायची. ताईंना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी ती अनंतरावांसाठी परत सांगायला लावली. अनंतरावांनी पेपर खाली केला नाही.

१४ सप्टेंबर, गुरुवार

पितृपक्ष चालू असल्यामुळे गिऱ्हाईक जवळजवळ नाही. निवांतपणे माझी जागा लावली. गिऱ्हाइकाला आडवं व्हायला पलंग, गोल दिवा, चिमटे, डोळ्याखाली लावायच्या जेलच्या पट्ट्या आणि ग्लूची बाटली.

हा ग्लू दिसायला काजळाच्या थेंबासारखा, पण स्वभावानं तापट. हवा दमट असली की झटकन सुकतो, कोरडी असली की रुसतो आणि सुकताना वाफ सोडतो. ती डोळ्यात गेली की चुरचुर, लाली, पाणी. तेवढंच असेल तर थोड्या वेळात उतरतं. पंखा मारायचा, ग्लू कमी घ्यायचा, डोळा नीट मिटलाय का ते बघायचं. पण एखादीला ग्लूच सोसत नसेल तर दुसऱ्या दिवशी पापण्या सुजतात, आणि पुढं दर वेळी आधीपेक्षा जास्त. म्हणून आधी पॅच टेस्ट. कानामागं एक ठिपका लावायचा, दोन दिवस वाट बघायची, काही झालं नाही तरच काम. क्लासमध्ये मॅडमनी हे आमच्याकडून पाढ्यांसारखं घोकून घेतलं होतं.

इथं पॅच टेस्ट होते, पण कुणावर होते ते ऐकून मी हसून हसून लोळायची बाकी राहिले! खिडकीशी एक स्टूल आहे. त्यावर लालीबाई बसते. दारव्ह्याकडच्या तांड्यावरची बाई, झाडलोट करते, डोळ्यांना सतत काळा गॉगल. कुठलंही गिऱ्हाईक आलं की ठिपका हिच्या कानामागं. ताई गिऱ्हाइकाचं नाव घेऊन विचारतात, अमकीचं घेशील? लालीबाई म्हणते, घेते. झाली टेस्ट. एकीला ताप आला म्हणून दुसरीला गोळी द्यावी, तसला प्रकार.

ताईंना मी हे हळूच बोलून दाखवलं. त्या अजिबात रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पार्लर नवीन असताना एका नवरीला ब्लीच करायचं होतं. हळद लागलेली, आता हिला नुसत्या टेस्टसाठी घराबाहेर कोण सोडणार? मग तिची करवली आली आणि म्हणाली, माझ्या हातावर लावून बघा, तिचं मी घेते. नवरीला काही म्हणता काही झालं नाही. तेव्हापासून ब्लीच असो, काळी मेंदी असो की आता ह्या पापण्या असोत, या पार्लरमधून कुणी लाल डोळ्यानं परत गेलं नाही. मी विचारलं, आणि करवलीला काय झालं? ताई म्हणाल्या, करवली ती करवली, आणि फोन घ्यायला आत गेल्या.

१८ सप्टेंबर, सोमवार

आज पहिलं मोठं काम आलं आणि त्यावरून ताईंशी पहिली तणातणीही झाली.

शोभाताई म्हणून एका साहेबांच्या मिसेस आहेत. नवरात्रात रोज मिरवायचंय. आधी नागपुरात त्यांनी पापण्या लावून घेतल्या होत्या, तेव्हा डोळ्यांचे बटाटेवडे झाले होते, हे त्यांनीच हसत सांगितलं. मी चिमटा खाली ठेवला. म्हटलं, एकदा ग्लूनं असा इंगा दाखवला की त्या वाटेला जायचंच नाही, तुम्हाला मस्कारा छान दिसेल. ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की ती मस्काऱ्यासाठी आलेली नाही, माझ्याकडं काही होत नाही हे ऐकून आलीय. मग लालीबाईला हाक मारली. ठिपका लावला. शोभाचं घेशील? लालीबाईनं स्टुलाची कड घट्ट धरली. मग म्हणाली, घेते.

मी देवाला नाही, पण बाबासाहेबांना हात जोडून काम केलं. शोभाताई दुपारभर घोरत होत्या. उठल्या तेव्हा डोळे स्वच्छ, पांढरेशुभ्र.

२० सप्टेंबर, बुधवार

शोभाताईंचा फोन आला, काहीही त्रास नाही. ताईंनी मला पेढा दिला.

लालीबाई मात्र भिंत चाचपत आली. गॉगल काढून बघितलं तर पापण्या सुजून एकमेकींवर चढलेल्या, कडांना पिवळं सुकलेलं. मी सलाइननं धुतलं. ताई म्हणाल्या, फवारणीचं आहे, या दिवसांत तांड्यावर सगळ्यांचं असंच होतं. खरं आहे, यंदा या जिल्ह्यात कुणाचे डोळे सुजले की कुणी दुसरा प्रश्न विचारतच नाही. रिक्षावाला, भाजीवाली, सगळे एकच शब्द बोलतात. फवारणी. पण लालीबाई म्हणाली, बाई, मी तं कितीक वर्सं झाली वावरात पाय नाई ठेवला.

मला कारण स्पष्ट दिसतंय. ती दिवसभर मास्क न लावता माझ्या पलंगाजवळ बसते, सगळी वाफ तिच्या तोंडावर जाते, आणि वर रोज कानामागं नवा ठिपका. सोसेल कशी? आता यात मीच लक्ष घालणार.

२४ सप्टेंबर, रविवार

नवरात्राची गर्दी. यवतमाळचं दुर्गादेवीचं वेड ऐकून होते, आज पाहिलं. पोरीबाळी, बाया, रांग लागलेली. आणि प्रत्येकीचा ठिपका त्या बिचारीच्या कानामागं. दुपारी तिचे दोन्ही डोळे चिकटूनच गेले. स्टुलावर बसून ती डोळ्यांना पदर लावत होती आणि तरीही ताई विचारत होत्या, हिचं घेशील, तिचं घेशील.

माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, सोडा आता तिला. मी दोन वर्षं या ग्लूत हात घालून बसलेय, मला काही होत नाही. माझ्या कानामागं लावा, लालीबाईचं मी घेते.

रांगेतल्या बाया माझ्याकडं वळल्या. बाहेरचा लाउडस्पीकर तेवढा चालू होता. लालीबाईनं मान वर केली. ताईंनी अगदी मऊ आवाजात मला परत म्हणायला सांगितलं. मी म्हटलं, घेते हो, लालीबाईचं मी घेते. ताईंनी स्वतः माझे केस बाजूला करून ठिपका लावला. ग्लू असा गार कधी लागत नाही.

२५ सप्टेंबर, सोमवार

विजय! लालीबाईचे डोळे उघडले. सूज नाही, लाली नाही, गॉगल नाही. सकाळी ती अंगणात उभी राहून आधी स्वतःच्या तळहातांकडं, मग कडुनिंबाकडं बघत होती. मग माझ्याकडं बघितलं आणि तिचा चेहराच पडला. म्हणाली, तू एवढीशी हायेस? मले तं वाटलं, मोठी बाई असशीन.

मी म्हटलं, बघितलंस ना, वाफेपासून दूर राहिलीस आणि एका दिवसात बरी झालीस. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला. मला कसंसंच झालं. माफ कर बाई, म्हणाली, आणि निघून गेली. तिचा नवरा किसनसिंग परवापासून दवाखान्यात आहे. दुसऱ्याच्या शेतात फवारायला गेला होता. ती आता कामावर येणार नाही.

माझ्या कानामागं थोडी खाज आहे. एवढं होणारच.

२७ सप्टेंबर, बुधवार

लालीबाई नाही, त्यामुळे ताई आता मलाच विचारतात. मीही चेष्टेनं घेते, घेते म्हणते. गिऱ्हाइकांना बरं वाटतं, माझं काय जातं?

संध्याकाळी ताईंबरोबर देवीच्या मंडपात गेले होते. आरतीला एवढा ऊद घातला, की मंडप धुरानं भरून गेला. सगळे खोकत होते, पदरानं डोळे पुसत होते, लहान पोरं रडत होती. आणि त्या धुरात ठिकठिकाणी मी पापण्या लावलेल्या बाया उभ्या होत्या. शोभाताई पुढंच होत्या. एकीच्याही डोळ्यात पाणी नव्हतं. एकीनंही पापणी लववली नाही. धूर त्यांच्या उघड्या डोळ्यांवरून जात होता आणि त्या देवीकडं बघत होत्या, खूश.

माझे डोळे एवढे जळायला लागले, की मी खाली बसले. कुणी तरी पाणी दिलं. कुणी तरी म्हणालं, फवारणीवाली आहे वाटते.

घरी आल्यावर ताईंनी खोबरेल लावून दिलं. ग्लूची वाफ आणि वरून ऊद, दुसरं काय असणार.

३० सप्टेंबर, शनिवार, दसरा

आज दीक्षाभूमीवर असायला हवं होतं. दरवर्षी बाबा पांढरा शर्ट घालून पहाटेच तयार असतात, घरात गावाकडच्या पाहुण्यांची दाटी, वैष्णवी पोळ्या लाटता लाटता सगळ्यांना हुकूम सोडत असते. जन्मात पहिल्यांदा चुकलं.

गेले नाही, कारण असे डोळे दाखवता येणार नाहीत. उजवा निम्मा मिटलाय. आरशात बघितलं तेव्हा घाण वाटली, स्वतःचीच. सलाइन, थंड पट्टी, क्लासमध्ये शिकवलेलं सगळं करून झालं. दर सकाळी आधीपेक्षा जास्त.

वैष्णवीला फोनवर कामाची गर्दी सांगितली. ती म्हणाली, तुझा आवाज रडल्यासारखा येतोय, मी येते. मी तिला चांगलंच झापलं. अभ्यास कर म्हटलं.

२ ऑक्टोबर, सोमवार

आज जेवताना रडू आलं. वाईट काहीच वाटत नव्हतं. समोर भाकरी आणि वांग्याची भाजी, मन अगदी शांत, आणि डोळ्यांतून धारा. हुंदका नाही, नुसतं पाणी. भाकरी भिजली. कितीतरी वेळ थांबेना.

दुपारी ताईंना फोन आला, की शोभाताईंचे वडील गेले. ताई भेटून आल्या आणि अनंतरावांना सांगत होत्या, की पोर बापाजवळ बसलीय, छाती पिटून घेतेय, पण डोळ्याला टिपूस नाही. नातेवाईक कुजबुज करून राह्यले. तिला रडायचंय हो, तिला येतच नाही.

ताई हे सांगताना दारातून माझ्याकडं बघत होत्या.

मी वर आले. मी शोभाचं घेते म्हटलं नव्हतं. ते लालीबाईनं म्हटलं होतं. मी लालीबाईचं घेतलं. सगळंच.

असं काही नसतं. मी शिकलेली मुलगी आहे. असं नसतं.

४ ऑक्टोबर, बुधवार

दवाखान्यात गेले. अनंतरावांनी रिक्षात बसवून दिलं, पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, मी कुणाला कधी काही सांगितलं नाही, आता काय सांगू.

डोळ्यांच्या वॉर्डाबाहेर जमिनीवरसुद्धा माणसं. सगळ्यांच्या डोळ्यांना पट्ट्या. डॉक्टर चांगला होता, तरुण, उभ्या उभ्या झोपेला आलेला. त्यानं विचारलं, कोणतं गाव, कोणतं औषध मारलं. मी सांगितलं, मी फवारलं नाही, मी पापण्या लावते. त्याला कळलंच नाही. थेंब दिले, दोन दिवसांनी ये म्हणाला आणि पुढच्या माणसाकडं वळला.

परतताना कुणी तरी हात धरला. लालीबाई. किसनसिंगजवळ बसली होती. त्याला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, केव्हा दिसेल सांगता येत नाही. तिनं मला बाजूला बसवलं आणि सगळं सांगितलं. ती सुखीबाईचं घेऊन बसली होती. सुखीबाई तिची आत्या. तिच्या आधी दुसरी कुणी. पहिली ती करवली. कोणाले घे म्हणून मागितलं तं जात नाही, म्हणाली, ढकलूनही जात नाही. मायेनं कोणी आपण होऊन म्हटलं, हिचं मी घेते, तवाच जाते.

मी विचारलं, लावलेल्या पापण्या काही आठवड्यांत गळतात, मग सुटेल ना? ती म्हणाली, केस गळते बाई, घेतलेलं नाई गळत.

मग मी विचारलं. विचारायला नको होतं. म्हटलं, तू परत घेशील?

तिनं किसनसिंगच्या डोळ्यांवरची पट्टी सारखी केली. मग म्हणाली, याले कोन पाह्यन? याचा हात कोन धरन? आणि तोंड फिरवलं. तिचे डोळे किती स्वच्छ होते, पण ते माझ्याकडं बघत नव्हते. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही.

निघताना एवढंच म्हणाली, तुह्यावर जीव लावणारं कोणी असन तं त्याले इकडं येऊ देऊ नको.

५ ऑक्टोबर, गुरुवार

आज एक गिऱ्हाईक आलं. ताईंनी नाव घेतलं. मी म्हटलं, नाही घेत. ताईंनी हट्ट केला नाही. केसांवरून हात फिरवला. म्हणाल्या, नको घेऊस राणी, आहे तेवढं पुष्कळ आहे, नवीन मुलगी बघू आपण.

नागपूरला जावं तर डोळे बरोबरच येणार. बाबांना सांगावं तर वैष्णवी ऐकणार. वैष्णवीनं ऐकलं तर—

नाही सांगायचं. कुणालाच नाही.

कुठं तरी कुणी कांदा चिरतंय. इथं नाही. पण माझ्या डोळ्यांना कळतंय.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

आता डावाही मिटला. जेलच्या पट्ट्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कागदावर आडवा धरून त्याच्या कडेनं लिहितेय. ओळ संपली की पुठ्ठा खाली. ओळी एकमेकींवर चढत असतील. चढू देत. लिहिलं नाही तर वेड लागेल.

हे माझे डोळे. ह्याच डोळ्यांनी मी एकेक केस सुटा करत होते. दुसरं मला काही येत नाही.

मोबाइल हातात आहे आणि नुसती गुळगुळीत काच. कुठं दाबायचं? वैष्णवीला सांगायचंय, येऊ नको. फोन वाजतो, मी काचेवर बोटं फिरवते, बंद होतो. परत वाजतो. तीच असणार. तिला काय वाटत असेल—

भीती वाटते. फार भीती वाटते.

७ ऑक्टोबर

ताई वर आल्या. म्हणाल्या, तुझ्या बहिणीचे सारखे फोन येत होते, मीच बोलले तिच्याशी. काळजी करू नको म्हटलं. उद्या सकाळच्या गाडीनं येतेय.

मी त्यांचा पदर धरला. पाया पडले. म्हटलं, परत फोन करा, येऊ नको म्हणा. त्या म्हणाल्या, अगं, बहीणच ती, आल्याशिवाय राहील का? इंजेक्शनची गोष्ट तूच तर सांगितली होतीस.

जिना उतरताना त्या गुणगुणत होत्या.

खाली गेले. चाचपत. फाटकापर्यंत. रस्त्यात उभी राहिले. रिक्षावाला थांबला. बस स्टँड म्हटलं, नागपूरची गाडी. त्यानं विचारलं, बाई, फवारणीचं का? एकट्या कशा जाल, सोबत कोणी नाई? आणि मला हाताला धरून— परत याच दारात आणून सोडलं. भला माणूस.

८ ऑक्टोबर, रविवार

आली. जिन्यावर तिचे पाय ओळखू आले, दोन-दोन पायऱ्या एकदम चढते. दारातच थांबली. मग माझं तोंड हातात घेऊन रडली. तिच्या हातांना बसचा वास.

मी तिला सगळं सांगितलं. लपवून उपयोग नव्हता, ताई खाली टपून बसल्यात. स्टूल, ठिपका, लालीबाई, सगळं. म्हटलं, वैष्णवी, काहीही झालं तरी तो शब्द तोंडातून काढायचा नाही. शपथ घे. तिनं शपथ घेतली नाही. फक्त विचारलं, कोणता शब्द?

मी सांगितला.

ती म्हणाली, बरं. तुला पाणी आणते.

पाण्याचा तांब्या इथंच आहे. टेबलावर. माझ्या हाताशी.

हाक मारतेय. ती खालून म्हणाली, आले ताई. आवाज पार्लरमधून. खुर्ची सरकली. मीच वाट दाखवली तिला. मीच, माझ्या तोंडानं— बाही वर करून उभी असेल— वैष्णवी नको

नको

पुठ्ठा. पुठ्ठ्याची कड पिवळी आहे.

पिवळी दिसतेय. माझा हात दिसतोय. शाई निळी. वरच्या ओळी खरंच एकमेकींवर चढल्यात. डोळे उघडे आहेत. दुखत नाही. काहीच दुखत नाही.

खाली ती ओरडली. एकदाच.

मला परत घेता येतं. एकच शब्द. जिना उतरायचा आणि म्हणायचं, वैष्णवीचं मी घेते. मी घेणारच आहे, लालीबाईसारखी नाही मी. माझी बहीण आहे ती. आत्ता उठते.

कडुनिंबाचं एकेक पान सुटं दिसतंय. फांदीवर खार आहे, तिच्या पाठीवरचे पट्टेसुद्धा. केवढं ऊन पडलंय. इतकं स्वच्छ मला आधीही कधी दिसत नव्हतं.

ती हाक मारतेय. ताई, म्हणतेय. कुठल्या ताईला—

उठते. उठतेच आहे. फक्त हे एवढं पान, एकदा, नीट बघून